मुतखडा : शस्त्रक्रियेवाचून काय होऊ शकते?

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चिटणीस साहेबांनी पत्र पाठविले तेव्हा विषय सुचविला होता ‘आरोग्य आणि विद्यार्थी’. अशा विषयावर तासभर बोलणे फार सोपे असते आणि ऐकून घरी गेल्यावर त्यातले काहीही लक्षात राहत नाही. म्हणून मी त्यांची परवानगी घेऊन एकच आजार निवडला. तो आपल्या मोहल्ल्यात घरोघरी आहे, त्याच्याविषयी प्रत्येकाजवळ एक तरी औषध आहे, आणि त्याच्याविषयीच्या अर्ध्या गोष्टी चुकीच्या आहेत. तो आजार म्हणजे मुतखडा.

ज्यांना हा झाला आहे त्यांना वर्णनाची गरज नाही. ज्यांना झालेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. रात्री दोन-अडीचच्या सुमारास माणूस उठून बसतो. पाठीत, बरगडीच्या खाली एका बाजूला कळ येते, ती पुढे पोटात आणि खाली जांघेत उतरते. बसवत नाही, झोपवत नाही, उभे राहवत नाही. उलटी होते, दरदरून घाम फुटतो. अपेंडिक्सचा रोगी हालचाल केली की दुखते म्हणून निपचित पडून राहतो. मुतखड्याचा रोगी मात्र एका जागी थांबूच शकत नाही. दवाखान्याच्या ओट्यावर येरझारा घालणारा माणूस पाहिला की निम्मे निदान दारातच होते.

हा खडा येतो कोठून? आपण खातो-पितो त्यातील नको असलेले क्षार मूत्रपिंड लघवीवाटे बाहेर टाकते. पाणी पुरेसे असले तर ते विरघळलेले राहतात. पाणी कमी पडले तर चहाच्या कपाच्या तळाशी साखर राहावी तसे ते खाली बसतात व त्यांचे स्फटिक जमू लागतात. दर दहा खड्यांपैकी सात-आठ खडे कॅल्शियमचे, त्यातही बहुतेक कॅल्शियम ऑक्झॅलेटचे असतात. साधारण एक युरिक ॲसिडचा असतो. काही खडे जंतुसंसर्गामुळे होतात, आणि काही फार थोडे जन्मजात दोषामुळे. खडा कोणत्या जातीचा, या प्रश्नावर पुढचा सारा उपचार अवलंबून आहे. पण गंमत अशी की तो कोणी विचारीतच नाही. सगळ्यांचा प्रश्न एकच, किती एमएमचा?

तोही प्रश्न चुकीचा नाही. मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत जी नळी जाते ती सुमारे पंचवीस ते तीस सेंटीमीटर लांब असते आणि तिची आतील वाट तीन-चार मिलिमीटरची. तिच्यात तीन ठिकाणी चिंचोळा भाग आहे. एक मूत्रपिंडातून निघताना, दुसरा पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडताना, आणि तिसरा, सर्वांत अरुंद, मूत्राशयात शिरताना. खडा मूत्रपिंडात स्वस्थ पडून असतो तोवर पुष्कळदा काहीच दुखत नाही. तो या नळीत उतरला, की वाट अडते, मागे लघवी तुंबते, मूत्रपिंड ताणले जाते आणि कळा सुरू होतात. म्हणजे दुखते ते खडा टोचतो म्हणून नव्हे, वाट अडते म्हणून. एवढे नीट ध्यानात ठेवा, पुढे याची गरज लागणार आहे.

आता चांगली बातमी. नळीत उतरलेले पाच मिलिमीटरपर्यंतचे खडे शंभरापैकी सुमारे अडुसष्ट जणांत आपोआप पडून जातात. पाच ते दहा मिलिमीटरचे असले तर निम्म्याहून थोडे कमी. हे आकडे अमेरिका व युरोप येथील मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनांनी अनेक अभ्यास एकत्र करून २००७ साली दिलेले आहेत. खडा मूत्राशयाच्या जितका जवळ, तितकी आशा अधिक. लहान खड्याला एक ते तीन आठवडे लागतात, काहींना चाळीस दिवससुद्धा. म्हणजे पुष्कळ लोकांना शस्त्रक्रियेची गरजच नसते. त्यांना गरज असते ती दुखणे थांबविण्याची, वाट पाहण्याची, आणि वाट पाहत असताना कोणीतरी नजर ठेवण्याची.

दुखणे थांबविण्याचे औषध साधे आहे. डायक्लोफेनॅकच्या जातीची औषधे, इंजेक्शन असो, गोळी असो वा गुदद्वारातून ठेवावयाची बत्ती असो, या कळांवर उत्तम काम करतात. अनेकदा अफूपासून निघणाऱ्या जबर औषधांपेक्षाही चांगले. पण ज्यांचे मूत्रपिंड आधीच अशक्त आहे, ज्यांना जठरव्रण आहे, हृदयविकार आहे, त्यांना ती धोक्याची आहेत. तेव्हा शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर औषधाच्या दुकानातून गोळ्या आणू नका. आपल्याकडे गोळ्यांची पाकिटे शेजारपाजारी साखरेच्या वाटीसारखी फिरतात.

आणि पाणी? येथे एक मोठा गैरसमज आहे. कळ आली की घरातील मंडळी रोग्यापुढे तांब्यावर तांबे ठेवतात. ‘प्या, प्या, जोराने खाली ढकलला जाईल.’ नळ जोराने सोडला की गटारातला कचरा वाहून जातो, त्यातलाच हा विचार. पण मूत्रपिंडाची नळी म्हणजे गटाराचा पाइप नव्हे. वाट अडलेली असताना वरून जबरदस्तीने पाणी ओतले तर खडा लवकर पडतो असे तपासण्यांत कोठेही सिद्ध झालेले नाही. उलट ताण वाढून कळ वाढू शकते आणि उलटीही होते. कळ चालू असताना तहानेपुरते प्या. कळ थांबल्यावर मात्र भरपूर. भरपूर पाण्याचा खरा उपयोग पुढचा खडा होऊ नये यासाठी आहे, आणि तो फार मोठा आहे. त्याच्याकडे मी परत येईन.

आता त्या गोळीविषयी, जी हल्ली प्रत्येक मुतखड्याच्या चिठ्ठीवर दिसते. टॅम्सुलोसिन. हे औषध मुळात वृद्ध पुरुषांच्या प्रोस्टेटसाठी आले. नळीच्या खालच्या भागाचे स्नायू ते सैल करते, म्हणून खडा सरकेल अशी कल्पना. पहिल्या लहान लहान अभ्यासांत त्याचे फार कौतुक झाले. पुढे ब्रिटनमध्ये अकराशेहून अधिक रोग्यांवर मोठी चाचणी झाली, तिचा निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाला. औषध घेणारे व नुसती रिकामी गोळी घेणारे यांच्यात फरक आढळला नाही. अमेरिकेतील चाचणीनेही २०१८ साली तेच सांगितले. पण त्याच वर्षी चीनमधील तीन हजारांहून अधिक रोग्यांच्या चाचणीत असे दिसले, की खडा नळीच्या खालच्या भागात असेल आणि पाच मिलिमीटरपेक्षा मोठा असेल तर फायदा होतो, त्याहून लहान खड्याला नाही. माझे स्वतःचे मत विचाराल तर तीन-चार मिलिमीटरच्या खड्याला ही गोळी देण्यात अर्थ नाही, तो तसाही पडणार आहे. सहा-सातचा, खाली आलेला असेल तर काही आठवडे देऊन पाहावी. उठताना चक्कर येऊ शकते हे रोग्याला सांगावे, आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना या गोळीची कल्पना अवश्य द्यावी.

याच्यावरून घरगुती औषधांकडे वळू. कुळथाचे पाणी, पानफुटीची पाने, गोखरूचा काढा, पाषाणभेद, हकीमसाहेबांकडील हजरुल यहूद. मी यांची टिंगल करणार नाही. मुतखड्याचा विचार आपल्या पूर्वजांनी फार खोलवर केला आहे. सुश्रुताने आधी औषधे द्या, त्यांनी भागले नाही तरच शस्त्र हाती घ्या असे सांगितले. ग्रीक वैद्यांच्या जुन्या शपथेत मुतखड्यासाठी चिरा देणार नाही असे कलम आहे, इतकी ती शस्त्रक्रिया जीवघेणी होती. अल-राझी याने मूत्रपिंड व मूत्राशयातील खड्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. हजार वर्षांपूर्वी कुर्तुब्याच्या अल-जहरावीने खडा काढण्याची शस्त्रक्रिया व तिची हत्यारे वर्णन करून ठेवली. विद्यार्थ्यांनी ही नावे केवळ अभिमानाने घेऊ नयेत. या माणसांनी रोग्याजवळ बसून, पाहून, पडताळून लिहिले, हे त्यातले घेण्यासारखे आहे.

आणि पडताळण्याची अडचण मुतखड्यात अशी, की पुष्कळ खडे आपोआपच पडतात. चार मिलिमीटरचा खडा असलेल्या दहा माणसांना तुम्ही कुळथाचे पाणी द्या, दुसऱ्या दहांना पानफुटी द्या, तिसऱ्या दहांना काहीच देऊ नका. तिन्हीकडे बहुतेकांचा खडा पडेल. ज्याने शेवटी जे घेतले त्याला तो श्रेय देईल, आणि जन्मभर साऱ्या गावाला तेच औषध सांगत फिरेल. कुळथाची पिठी मला स्वतःला अतिशय आवडते, गरम भाताबरोबर दुसरे काही नको वाटते. खुशाल खा. कुळथाचे पाणी म्हणजे शेवटी पाणीच, ते पोटात गेले तर बिघडणार काही नाही. बिघडते ते त्या पाण्याच्या भरवशावर तपासणी चुकविली म्हणजे. एक तरुण मला हळूच विचारता झाला की मित्र म्हणतात बिअर प्यायल्याने खडा पडतो, औषध म्हणून घेतली तर? मी त्याला सांगितले, बाबा रे, शरीरशास्त्राच्याच दृष्टीने बोलतो. बिअरने युरिक ॲसिड वाढते, आणि दारूने शरीरातले पाणी कमी होते. ते औषध नव्हे, पुढच्या खड्याचे बियाणे आहे.

खडा औषधाने विरघळतो का? हा प्रश्न आला की मी उलट विचारतो, कोणत्या जातीचा? कॅल्शियमचा खडा विरघळविणारे औषध आजही जगात कोणाजवळ नाही. जो तसे सांगून बाटली विकतो तो एक तर अजाण आहे किंवा तुम्हांला अजाण समजतो. पण युरिक ॲसिडचा खडा खरोखर विरघळतो. तो आम्लधर्मी लघवीत तयार होतो. पोटॅशियम सायट्रेट किंवा सोडा यांनी लघवीतील आम्लता कमी केली, सोबत पाणी भरपूर घेतले, तर काही आठवड्यांत वा महिन्यांत चांगला मोठा खडासुद्धा चाकू न लावता नाहीसा होतो. साध्या एक्स-रेत हा खडा दिसत नाही, सोनोग्राफीत व सीटी स्कॅनमध्ये दिसतो, यावरूनही त्याचा अंदाज येतो. मधुमेही, स्थूल आणि गाऊटच्या रोग्यांत तो अधिक आढळतो. मात्र हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे, कारण मूत्रपिंड अशक्त असेल किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील तर रक्तात पोटॅशियम धोक्याच्या पातळीवर जाते.

येथवर मी आशेच्या गोष्टी सांगितल्या. आता एक गोष्ट स्वतःच्या चुकीची सांगतो. ती सांगण्यासाठीच खरे तर हा विषय घेतला.

१९९१ साली मी नुकताच डॉक्टर होऊन गावी आलो होतो. माझे थोरले मामू दुबईहून रजेवर आले होते. तेथे उन्हात बांधकामावर देखरेखीचे काम, पाणी प्यायला सवड नाही. आखाती देशांत मुतखड्याचे प्रमाण जास्त आहे हे तुम्हांपैकी अनेकांना घरच्या अनुभवाने ठाऊक असेल. एका रात्री मामूंना कळ आली. मी इंजेक्शन दिले. दुसऱ्या दिवशी त्यांना जिल्ह्याच्या गावी नेऊन सोनोग्राफी केली. डाव्या नळीत सात मिलिमीटरचा खडा. मी पाणी व गोळ्या सांगितल्या. आठ-दहा दिवस अधूनमधून कळा येत राहिल्या, आणि एके दिवशी थांबल्या. मामू मिठाईचा पुडा घेऊन आले. ‘तुझ्या हाताला यश आहे रे.’ मला किती आनंद झाला असेल, तुम्हीच कल्पना करा. नवा डॉक्टर, पहिलाच घरचा रोगी. मी म्हणालो, ‘पडला असेल, मामू. आता विसरून जा.’

खडा पडताना कोणी पाहिला नव्हता. मी परत सोनोग्राफी करावयास सांगितले नाही. मामू रजा संपवून परत गेले.

दोन वर्षांनी तेथील वैद्यकीय तपासणीत आढळले, की खडा जेथल्या तेथेच आहे, आणि वरचे डावे मूत्रपिंड फुगून फुगून कागदासारखे पातळ झाले आहे. त्यातून काम होत नव्हते. ते काढावे लागले. दुखणे थांबले होते ते खडा पडला म्हणून नव्हे. अडथळा जुना झाला की मूत्रपिंड लघवी कमी करू लागते, आतील ताण उतरतो, आणि कळ आपोआप विरते. घरात आग लागून घंटा वाजावी, आणि काही वेळाने घंटाच जळून गेल्यामुळे शांतता व्हावी, तसे.

मामू पुढे पुष्कळ वर्षे एका मूत्रपिंडावर बरे राहिले. मला ते कधी रागावले नाहीत. फक्त एकदा ईदच्या दिवशी अंगणात बसले असता म्हणाले, ‘तेव्हा तू एक फोटो काढून ये म्हणाला असतास, तर मी काढला असता रे.’

तेव्हापासून माझा नियम आहे, आणि तो तुम्हीही आपल्या डॉक्टरांकडून पाळून घ्या. खडा हातात सापडला, तर पडला. सापडला नाही, तर दुखो वा न दुखो, पुन्हा तपासणी झालीच पाहिजे. वाट पाहण्याची मुदत चार, फार तर सहा आठवडे. त्या काळात आठ-पंधरा दिवसांनी दाखवून यावे. सोनोग्राफीत नळीच्या मधल्या भागातला खडा कधी कधी दिसत नाही, पण वर मूत्रपिंड फुगले आहे की नाही ते दिसते. शंका उरली तर सीटी स्कॅन. खर्च होतो, मी नाकारीत नाही. पण मूत्रपिंड गेल्यावर जो खर्च होतो त्याचा हिशेब आमच्या घराला माहीत आहे.

काही प्रसंगी मात्र एक दिवसही वाट पाहावयाची नसते. खडा आणि त्याबरोबर थंडी वाजून ताप आला, तर त्याच रात्री रुग्णालय गाठा. अडलेल्या लघवीत जंतू वाढले म्हणजे ते रक्तात पसरून काही तासांत जिवावर बेततात, आणि अशा वेळी नुसत्या प्रतिजैविकाने भागत नाही, नळी घालून तुंबलेली लघवी बाहेर काढावी लागते. लघवी पूर्ण बंद झाली, एकच मूत्रपिंड असलेल्या माणसाला खडा अडकला, गरोदर बाईला कळ आली, उलट्या थांबतच नाहीत, या सर्वांना तेच लागू. त्या रात्री कुळीथ नाही, काढा नाही, ‘सकाळी बघू’ नाही.

शस्त्रक्रियेवाचून म्हणताना एका यंत्राविषयी सांगितलेच पाहिजे. जर्मनीतील डॉर्निअर ही विमाने बनविणारी कंपनी. ध्वनीपेक्षा वेगाने जाणाऱ्या विमानावर पावसाचे थेंब आदळले म्हणजे धातूवर काय परिणाम होतो, याचा अभ्यास तेथे चालला होता. त्यातून आघातलहरींचे ज्ञान हाती आले, आणि म्युनिकच्या डॉक्टरांनी ते मुतखड्याकडे वळविले. फेब्रुवारी १९८० मध्ये ख्रिश्चन चौसी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या रोग्याचा खडा शरीराला चिरा न देता बाहेरून फोडला. त्या वेळी रोग्याला पाण्याच्या टबात बसवावे लागे. आता टब गेला. रोगी मेजावर पडतो, लहरी खड्यावर केंद्रित होतात, तासाभरात दोन-तीन हजार ठोके बसतात, आणि चुरा पुढील दिवसांत लघवीवाटे पडतो. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी या गोष्टीवर जरा विचार करावा. पावसाच्या थेंबाकडे पाहणाऱ्याला आपण मुतखड्यावर इलाज शोधतो आहोत हे स्वप्नातही ठाऊक नव्हते.

हे यंत्र सर्वांना चालत नाही. गरोदरपणी, रक्त पातळ करणारी औषधे चालू असताना, जंतुसंसर्ग असताना ते वापरीत नाहीत. दोन सेंटीमीटरहून मोठ्या आणि फार टणक खड्याला ते पुरे पडत नाही. कधी चुऱ्याचे तुकडेच नळीत रांग लावून बसतात. मग दुर्बिणीची वाट उरते. लघवीच्या मार्गाने बारीक दुर्बीण घालून लेसरने खडा फोडतात, चिरा नसतो, पण भूल असते. ही शस्त्रक्रियाच होय, फक्त टाके नाहीत. पाठीतून लहान छिद्र पाडून मोठा खडा काढण्याची पद्धत स्वीडनमध्ये १९७६ साली प्रसिद्ध झाली व आजही मोठ्या खड्याला तीच योग्य. कोणी डॉक्टर शस्त्रक्रिया करा म्हणाले की ते पैशासाठीच म्हणतात असे धरून चालू नका. कारण विचारा. ‘वाट पाहिली तर काय होईल?’ हा प्रश्न विचारण्याचा तुम्हांला हक्क आहे, आणि चांगला डॉक्टर त्याचे उत्तर देतो.

आता पाण्याकडे परत येतो. ज्याला एकदा खडा झाला त्याने काहीच केले नाही तर दहा वर्षांत निम्म्या लोकांना तो पुन्हा होतो. इटलीत बोर्गी नावाच्या डॉक्टरांनी पहिला खडा झालेले एकशे नव्व्याण्णव रोगी घेतले. निम्म्यांना भरपूर पाणी प्यावयास सांगितले, निम्म्यांना काहीच सांगितले नाही. पाच वर्षांनी, म्हणजे १९९६ सालच्या अहवालात, पाणी पिणाऱ्यांत शंभरी बारा जणांना खडा परत झाला होता, इतरांत सत्तावीस जणांना. नुसत्या पाण्याने! लघवी दिवसाला दोन ते अडीच लिटर झाली पाहिजे. त्यासाठी साधारण तीन लिटर पाणी, उन्हात काम असेल तर आणखी. मोजण्याची कटकट नको असेल तर रंग पाहा. लघवी पाण्यासारखी फिकट असावी. पिवळीजर्द दिसली की समजा, कर्ज झाले. ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी मात्र आपले प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

खाण्याच्या बाबतीत आपल्याकडे बिचाऱ्या टोमॅटोला उगाच शिक्षा झाली आहे. त्यात ऑक्झॅलेट फार नसते. खरे जपावयाचे ते पालकाला. दूध तर बंद करूच नका. अन्नातील कॅल्शियम आतड्यातच ऑक्झॅलेटला धरून ठेवते. ते कमी केले की ऑक्झॅलेट मोकळे होऊन लघवीत उतरते. त्याच बोर्गींनी २००२ साली दाखविले की कॅल्शियम तोडणाऱ्यांपेक्षा, दूध नेहमीसारखे घेऊन मीठ व मांस कमी करणाऱ्यांना खडे निम्मे झाले. मीठ म्हणजे ताटातले चिमूटभर नव्हे. आपले लोणचे, पापड, सुकट, खारवलेले बोंबील, हेच ते मीठ. मटण रोज, वर कलेजी, आणि पाणी दोन पेले, असा आहार असेल तर मी खड्याला दोष देत नाही. लिंबू चांगले, पण लिंबूपाण्यात मूठभर मीठ घालून त्याचा गुण घालवू नका.

रमजानविषयी दरवर्षी विचारतात. ज्याला जुना, स्वस्थ खडा आहे त्याने डॉक्टरांना विचारून रोजे ठेवण्यास बहुधा हरकत नसते. पण इफ्तार ते सहरी या वेळात पाण्याचा कोटा ठरवून पुरा करावा. इफ्तारला एकदम तांब्याभर आणि मग नुसता चहा, असे नको. तरावीहच्या आधी, नंतर, झोपताना, उठताना, असे वाटून प्यावे. ज्याला कळा चालू आहेत त्याने हट्ट करू नये. आजारी माणसाला रोजे पुढे पुरे करण्याची सवलत आहे, हे आपल्या मौलानासाहेबांकडून माझ्यापेक्षा चांगले कळेल.

शेवटी व्यवस्थापक मंडळींना एक विनंती, आणि ती या व्यासपीठावरून केल्याबद्दल राग मानू नये. माझ्याकडे आठवी-नववीच्या मुली लघवीच्या जळजळीसाठी येतात. विचारले की सांगतात, ‘डॉक्टरसाहेब, आम्ही शाळेत पाणीच पीत नाही.’ का? तर स्वच्छतागृहात जावेसे वाटत नाही. सकाळी सातला घरून निघालेली मुलगी दुपारी दोनला पाण्याचा पहिला घोट घेते. जळजळीचे एक कारण तेथेच आहे, आणि हीच सवय वर्षानुवर्षे राहिली तर खड्यालाही वाट मिळते. मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी, नळाला पाणी आणि दिवसातून दोनदा सफाई, एवढे झाले तर माझ्या व्याख्यानापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल. बाटली नेता का असे आईने विचारावे. संध्याकाळी ती रिकामी आली की भरलेलीच आली, तेही पाहावे.

आणि हो, खडा पकडावयाचा कसा ते राहिले. लघवी करताना स्वच्छ मलमलचा तुकडा किंवा चहाची जुनी गाळणी धरा. गाळणी मग परत स्वयंपाकघरात नेऊ नका, एवढी कृपा करा. खडा वाळूच्या कणासारखा, तपकिरी, बारीक काटेरी असतो. तो धुऊन, सुकवून कोरड्या बाटलीत घाला आणि डॉक्टरांकडे तपासणीसाठी द्या. खडे वारंवार होत असतील, किंवा लहान मुलाला झाला असेल, तर रक्तातील कॅल्शियमही तपासून घ्या. कधी मानेतील एका छोट्या ग्रंथीचा दोष त्यामागे निघतो. माझ्या टेबलाच्या खणात अशा पुष्कळ बाटल्या आहेत. व्याख्यानानंतर ज्यांना पाहावयाच्या असतील त्यांनी अवश्य या, मी त्यांतल्या चार-पाच बरोबर आणल्या आहेत.